आठव्यांदा लागलेला फोन

“हिला आकडा कानानं शिकवू नका, ताई. हातानं शिकू द्या,” रागिणी मॅडम मला म्हणाल्या होत्या. जुलै महिना होता. शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या ओल्या चपलांचा ढीग पडला होता आणि मॅडमच्या हातात माझ्या दामिनीची वही उघडी होती. पंचवीस सांगितलं तिथे पोरीनं बावन्न लिहिलं होतं. सदतीस सांगितलं तिथे त्र्याहत्तर. पान भरून तेच.

“ती चुकत नाही. ती आपलं ऐकते,” मॅडम म्हणाल्या. “आपण बोलताना पाच आधी म्हणतो, वीस मागून. लिहिताना वीसचे दोन आधी. बाकीची पोरं घोकून घेतात. ही विचार करते, म्हणून अडते. सहा महिने द्या तिला. घाई केली तर ही पोरगी एक दिवस आकडे बोलायचंच सोडून देईल.”

मी हसले. “मॅडम, माझं बी.एस्सी. गणित घेऊन झालं आहे. आम्ही छड्या खाऊन शिकलो, पण शिकलोच ना?”

मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली. मी ती पदराखाली धरली आणि पावसातच घरी निघाले. मनात एकच होतं, तिसरीतल्या पोरीला पंचवीस लिहिता येत नाही हे गावात कोणाला कळू नये.

आमचं गाव चांदूर बाजारपासून जवळ आहे. घरी सासरे खुशालराव, सासू पार्वताबाई, नवरा किशोर, मी आणि दामिनी. तीन एकर काळी जमीन. थोडी संत्री, थोडा भाजीपाला, आणि दसरा-दिवाळीसाठी झेंडू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, दामिनी आबाजी म्हणते. मामाजी चौथी शिकलेले, पण पावकी, निमकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. वावरात निंदण करता करता ते एकोणतीसचा पाढा म्हणायचे, विळ्याच्या तालावर. गावातल्या अर्ध्या लोकांचे मोबाईल नंबर त्यांच्या डोक्यात होते. कोणी नंबर विचारला की डोळे मिटायचे आणि जोडीजोडीनं सांगायचे. अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस. चुकले असं मी कधी पाहिलं नाही.

रागिणी मॅडम शाळेत तुरीच्या काड्या आणायला लावायच्या. बोटाएवढे तुकडे करायचे, दहा-दहाची जुडी सुतळीनं बांधायची. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या. पोरं म्हणायची, “वीस अन् पाच.” मग मॅडम सांगायच्या, “यालाच आपण पंचवीस म्हणतो. आधी पाहा, मग म्हणा.” दामिनी घरी येऊन ओसरीवर जुड्या मांडायची. तिची जीभ दातात धरलेली असायची आणि सुतळीची गाठ मारताना नाक आक्रसायचं. एवढी रमलेली मी तिला दुसऱ्या कशात पाहिली नव्हती.

“दामे, बावन्न म्हंजे किती?” मामाजी बाजेवरून विचारायचे.

“पन्नास अन् दोन.”

“बावन्न म्हंजे बावन्न! तुह्या मॅडमनं काय नवीन भाषा काढली काय वं? बजारात पन्नास-दोन म्हणशीन तं लोक हसतीन.”

“हसू द्या. बरोबर हाये ना, आबाजी?”

“बरोबर हाये म्हणते! काड्या मोजून शायनी झाली पोट्टी.” ते हसायचे, पण त्यांना ते लागायचं. जे आपण उभ्या आयुष्यात छातीठोकपणे म्हणत आलो ते नात काड्यांनी तपासून पाहते, हे त्यांना सहन होत नव्हतं.

एक दिवस आत्याबाईंनी सगळ्या जुड्या चुलीत घातल्या. सरपण ओलं होतं, जाळ धरत नव्हता. “काड्याच त होत्या,” त्या म्हणाल्या. दामिनी चुलीसमोर उभी राहिली. सुतळी आधी जळाली, मग काड्या मोकळ्या होऊन पसरल्या. ती रडली नाही. मी तिला म्हटलं, “जा, तेराचा पाढा दहादा लिही.”

ऑगस्टमध्ये मामाजींनी शाळा समितीत विषय काढला. पोरं खेळतात, पाढे होत नाहीत. अर्ज लिहायचा ठरला आणि तो लिहायला मी होते. घरात मीच शिकलेली, माझं अक्षर चांगलं. ‘गणिताच्या नावाखाली काड्यांचा खेळ चालतो, पाढ्यांचे पाठांतर बंद पडले आहे, तरी योग्य ती समज द्यावी’ असं मी लिहिलं. पहिली सही माझी. मग मी घरोघरी फिरून एकवीस सह्या गोळा केल्या. भागीरथाकाकूंनी अंगठा दिला आणि विचारलं, “कशाचं हाये वं हे?” मी म्हटलं, “लेकरांच्या भल्याचं.”

हेडसरांनी काड्यांची पेटी कपाटावर ठेवून दिली. सप्टेंबरमध्ये रागिणी मॅडमना अकोल्याकडच्या कुठल्या तरी शाळेत कामगिरीवर पाठवलं. तिथे शिक्षकच नव्हता म्हणे. माझ्या अर्जामुळे नव्हे, असं हेडसर म्हणाले. जाताना मॅडम मला रस्त्यात भेटल्या. अर्जाचं त्या बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अक्षर फार सुंदर आहे तुमचं.”

त्यानंतर शाळेत रोज पाढे सुरू झाले. सगळा वर्ग एका सुरात. आवाज एस.टी.च्या थांब्यापर्यंत यायचा. बरं वाटायचं ऐकून.

यंदा झेंडूचा पहिला बहर पावसानं काळा पडला. उरलेला दसऱ्याच्या तोंडावर उमलला. आदल्या दोन दिवसांत आम्ही सगळे फुलंच तोडत होतो. झेंडूच्या देठानं बोटं पिवळी-काळी होतात, साबणानं निघत नाहीत, भाकरीला तो कडू वास लागतो. किशोरच्या कमरेनं दगा दिला होता, तरी तो कॅरेट उचलत होता. त्याच धावपळीत मामाजींचा मोबाईल पाण्याच्या हौदात पडला. किशोरनं चांदूर बाजारातून बटणांचा नवा आणला, त्यात नवं सिम टाकलं. मी म्हटलं, “मामाजी, द्या, सगळ्यांची नावं टाकून देते.”

“मले नंबर पाठ हायेत. नावं कायले पायजे?” त्यांनी मोबाईल बंडीच्या खिशात टाकला. “नावं त्याईले लागतेत ज्याच्या डोक्यात भुसा हाये.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि किशोर फुलं घेऊन अमरावतीला गेलो. आत्याबाई घरी होत्या, त्या मोबाईल वापरत नाहीत. दामिनीला सुट्टी होती. मी तिला मामाजींबरोबर वावरात पाठवलं. निघताना म्हटलं, “आबाजीजवळ बसून एकोणतीसचा पाढा पाठ कर. संध्याकाळी म्हणून घेईन.”

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं आहे. काही गावातल्या टेम्पोवाल्या भगवंतभाऊंकडून, काही मोबाईलमधून. दामिनीनं एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून.

ऊन तापलं होतं. मामाजी उरलेली फुलं तोडत होते. टोपली त्यांच्या उजव्या हातातून गळून पडली. त्यांनी ती उचलायला हात घातला तर हात येईना. ते धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच्या बाभळीखाली बसले, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. खिशातला मोबाईल त्यांनी डाव्या हातानं काढला आणि दामिनीपुढे धरला. “तुह्या मायले लाव,” एवढं म्हणाले. मग माझा नंबर सांगितला. नंतर दुसरा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. फक्त तो नंबर. पुन्हा पुन्हा. अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस, चौसष्ट, ऐंशी, असा जोडीजोडीनं, जसा ते नेहमी सांगायचे. आणि डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

आजूबाजूची वावरं रिकामी होती. सगळे फुलं आणि आपट्याची पानं घेऊन बाजाराला गेलेले. ती पळत जाऊन कोणाला बोलावू शकली नाही, कारण हात सुटत नव्हता. रुग्णवाहिकेचा एकशे आठ नंबर तिला ठाऊक नव्हता. तो आम्ही कोणीच तिला सांगितला नव्हता. आम्ही तिला एकोणतीसचा पाढा शिकवत होतो.

माझा फोन वाजला तेव्हा पावणेबारा होऊन गेले होते. मी गांधी चौकात हार मोजून देत होते. नंबर अनोळखी वाटला, मामाजींच्या नव्या सिमचा पाठ नव्हता मला, नाव घालायचंही राहिलं होतं. तिकडून दामिनी म्हणाली, “आई?” आणि मागून मामाजी माझाच नंबर पुन्हा पुन्हा सांगताना ऐकू आले. किशोरनं भगवंतभाऊंना फोन लावला, त्यांनी टेम्पोत घालून मामाजींना अमरावतीला आणलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी बोल लावला नाही. एवढंच विचारलं, “किती वाजता झालं हे? तासभर आधी आले असते तर बरं झालं असतं.” आत्याबाई बाकावर बसल्या होत्या, त्यांच्या पायाशी दामिनी. “पोट्टी तं संगंच होती,” आत्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या. “तिसरीत हाये. एक नंबर लावता नाई आला. बुढा बिचारा सांगून राहिला, सांगून राहिला…”

दामिनीनं दोन्ही हात फ्रॉकखाली घेतले. उजव्या मनगटावर चार बोटांचे वळ उमटले होते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तो मोबाईल उघडला. केलेले कॉल पाहिले. आठ होते. पहिला अकरा वाजून चार मिनिटांनी.

पहिल्या कॉलमध्ये अठ्ठ्याण्णव उलटा होता, सदतीस उलटा होता, चौसष्ट उलटा होता. बावीस उलटा केला तरी बावीसच, आणि शेवटी ऐंशी, तो जसा ऐकू येतो तसाच लिहायचा. म्हणजे फिरण्यासारख्या जोड्या तीनच. दुसऱ्या कॉलमध्ये तिनं फक्त पहिली जोडी सुलटी केली होती. तिसऱ्यात पहिली परत जशीच्या तशी, फक्त सदतीस सुलटा. चौथ्यात फक्त चौसष्ट. पाचव्यात पहिल्या दोन. सहाव्यात पहिली आणि तिसरी. सातव्यात मागच्या दोन. आठव्यात तिन्ही.

मी पायरीवर बोटानं पुन्हा लिहून पाहिलं. तीन जोड्या, प्रत्येकीच्या दोन तऱ्हा, एकूण आठ. एकही सुटली नव्हती, एकही दोनदा आली नव्हती. हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी ते पाठ केलं होतं. माझ्या आठ वर्षांच्या पोरीनं ते बाभळीखाली बसून, एक हात अडकलेला असताना, समोर आजोबाच्या तोंडातून लाळ गळत असताना शोधून काढलं. मध्ये रेंज जात होती. मध्ये कोणीतरी अनोळखी माणूस तिच्यावर खेकसला होता, “राँग नंबर हाये, ठेव फोन!” तरी ती पुढच्या नंबरावर गेली.

भगवंतभाऊ म्हणाले, “मी गेलो तं तिच्यापुढं मातीत आकडे लिहेल होते, एकाखाली एक. मले वाटलं, पोट्टी खेयून राहिली. पाय पडला माह्या त्याच्यावर.”

मी किशोरला मोबाईल दाखवला. समजावून सांगितलं. “म्हंजे तिले येत होतं?”

“तिला आपल्यापेक्षा जास्त येत होतं.”

“मंग आता मी काय करू त्याचं?” तो म्हणाला आणि औषधं आणायला खाली गेला. त्यात राग नव्हता. खरंच त्याला कळत नव्हतं.

आत्याबाईंना सांगितलं. “म्हंजे सातदा चुकली म्हण ना,” त्या म्हणाल्या.

आता मामाजी घरी आहेत. ओसरीवरच्या बाजेवर. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, पण सगळी नाही. बोलायला तोंड उघडलं की पाढा येतो. पाणी हवं असलं की म्हणतात, “बे त्रिक सहा.” कूस बदलायची असली तरी, “बे त्रिक सहा.” चिडले की, “बे चोक आठ, बे चोक आठ!” डॉक्टर म्हणाले, घोकलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं, ते टिकतं. मामाजी स्वतः ऐकतात की आपल्या तोंडून भलतंच निघालं, आणि डोळ्यांत पाणी येतं. ज्या माणसानं जन्मभर कोणाकडे काही मागितलं नाही, त्याला लघवीचं भांडं मागायला बे एके बे म्हणावं लागतं.

कोणता पाढा कशासाठी, हे घरात फक्त दामिनीला कळतं. ती सूर ऐकते. उठते, पाणी आणते, किंवा उशी सरकवते. एक शब्द बोलत नाही. आत्याबाई म्हणतात, “कसं वं समजते तुले?” ती खांदे उडवते.

पण आकडा बोलत नाही. पोळ्या किती हव्यात, विचारलं तर बोटं दाखवते. ती किती वर्षांची, असं पाहुण्यांनी विचारलं तर माझ्याकडे पाहते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यापुढे तुरीच्या काड्या ठेवल्या, सुतळी ठेवली. तिनं जुड्या बांधल्या, दहा-दहाच्या, अचूक. मी विचारलं, “किती झाल्या, दामू?” तिनं सगळ्या जुड्या सोडल्या आणि काड्या माझ्या हातात दिल्या.

एकदाच बोलली. मी तिची वेणी घालत होते. तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

“आई, आबाजीनं उलटं सांगतलं का मी उलटं ऐकलं?”

माझ्या हातात तिचे तीन पेड होते. मी बी.एस्सी. आहे. मी रिबीन बांधली.

मी दुसरा अर्ज लिहिला. काड्यांची पेटी खाली काढावी, रागिणी मॅडमना परत आणावं, पोरांना आधी आकडा दाखवावा, मग म्हणायला लावावा. पहिली सही माझीच केली आणि पुन्हा घरोघरी गेले. भागीरथाकाकूंनी कागद पाहिला. “मांगच्या टायमाले बी तूच आली होती ना वं? तवा बी लेकरांच्या भल्याचंच होतं.” त्यांनी अंगठा दिला नाही. दुसऱ्या कोणीही सही केली नाही.

हेडसरांना मी कॉलची यादी दाखवली, वहीत उतरवून नेली होती. त्यांनी चष्मा लावून वाचली. “हुशार आहे पोरगी,” म्हणाले. “पण ताई, परीक्षेत एका उत्तराला आठ संधी कोण देतं? मलाही वरून विचारतात, किती पोरांना पाढे येतात म्हणून. काड्या कोणी विचारत नाही.” त्यांच्याकडे चार वर्ग आहेत आणि दोन माणसं.

रागिणी मॅडमना फोन केला. मागून पोरांचा गलका येत होता. मी सगळं सांगितलं. अर्जाबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ती आकडे बोलते का?”

“नाही.”

“वर्गात आहे, ताई. एकटीच आहे इथे. नंतर करते.” ते नंतर अजून आलेलं नाही. येईल, त्या विसरणाऱ्या नाहीत.

शाळेत मात्र सगळं ठीक आहे, असं हेडसर म्हणतात. दामिनी रोज पाढ्याला उभी राहते, सगळ्यांबरोबर तोंड हलवते. मी दोनदा जाऊन पाहिलं. मी दारात उभी राहिले की तिला कळतं. मग ती मोठ्यानं म्हणू लागते, गळ्याच्या शिरा ताणून, माझ्याकडे पाहत. मी वळले की पुन्हा काय होतं, ते मला दिसत नाही. खिडकीआडून ऐकलं तर तीस पोरांच्या सुरात एक आवाज वेगळा काढता येत नाही. मला वाटतं ती नुसते ओठ हलवते. मला वाटतं. खात्री नाही.

म्हणून हे लिहिलं. परतवाड्याच्या रस्त्यानं जात असाल तर सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या थांब्यावर उतरा. पाढ्यांच्या आवाजामागे चालत गेलं की शाळा येते. उजवीकडची खोली, खिडकीपासून दुसरी रांग, दोन वेण्या, लाल रिबिनी. तुम्हाला ती ओळखत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी ती आवाज काढणार नाही. काही विचारू नका तिला. फक्त पाणी प्यायला म्हणून आत जा, तिच्याजवळ थोडं वाका आणि ऐका. ओठ हलत असतील. आवाज येतो का, तेवढं पाहून मला कळवा.